नवी कोरी आणि आडवी

दसऱ्याला सकाळी अकराला गाडी शोरूममधून निघते. दुपारी चारला तिच्या डाव्या इंडिकेटरला चिकटपट्टी लागलेली असते.

कुणालाच नवल वाटत नाही. वाटायला हवं.

दीड-दोन लाखांची वस्तू, त्यातले बरेचसे हप्त्यांवर उचललेले, पहिल्याच दिवशी रस्त्यावर लोळते आणि घरात काय बोललं जातं? दृष्ट लागली. मुहूर्त टळला. समोरच्यांनी जरा जास्तच कौतुक केलं. लिंबू चाकाखाली नीट चिरडलंच नाही. खापर सगळ्यांवर फुटतं. फक्त एक गोष्ट कुणी तोंडातून काढत नाही. ही गाडी चालवायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

'शिकवायचं काय त्यात? दहा वर्षं चालवतोय तो!'

काय चालवतोय? कॉलेजात मित्राची स्प्लेंडर, नंतर घरची स्कूटर. स्प्लेंडर प्लसचं वजन ११२ किलो. आता दारात आलीय क्लासिक ३५०, वजन १९५ किलो. फरक ८३ किलोंचा. म्हणजे एक धडधाकट माणूस गाडीवर कायमचा बसवलाय, आणि तो उतरत नाही. चाळीसच्या वेगात त्या माणसाचं ओझं जाणवत नाही. सिग्नलला थांबलात की जाणवतं.

आणि नवी गाडी पडते ती बहुतेक वेळा थांबतानाच.

वेगाची भीती सगळ्यांना घातलेली असते. 'हळू चालव रे' हे वाक्य प्रत्येक आईनं म्हटलेलं आहे. पण पहिल्या आठवड्यात गाडी आडवी होते कुठे? पेट्रोल पंपावर. सोसायटीच्या गेटपाशी. पार्किंगमध्ये मागे ढकलताना. अरुंद गल्लीत वळवताना. हळू चालवली म्हणून गाडी उभी राहत नाही. फिरती चाकंच तिला सावरून धरतात. ती थांबली की सावरायचं काम तुमच्या पायांकडे येतं, आणि पाय टेकला नाही की संपलं.

आता पाय टेकण्याबद्दल.

स्प्लेंडरच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, क्लासिकची ८०५, हिमालयन ४५० ची ८२५. पहिली आणि शेवटची यांत फरक ४० मिलिमीटर, जेमतेम दीड इंच. कागदावर किरकोळ. पण एका बाजूला रस्ता उतरता असला, किंवा बूट टेकवला तिथेच खड्डा निघाला, तर तोच दीड इंच गाडी पाडतो. खड्डा निघणार नाही असा रस्ता तुमच्या गावात आहे का?

पावणेसहा फुटी मित्र म्हणाला, 'घे रे, काय गाडी आहे!' म्हणून सव्वापाच फुटी माणसानं ती घ्यायची नसते. शोरूममध्ये रोजचे बूट घालून बसा. दोन्ही टाचा टेकत नसतील तर निदान दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकतात का ते बघा. गाडी जागेवरच डावी-उजवीकडे थोडी कलती करून बघा. मागे ढकलून बघा. सीट कमी उंचीची मिळते का, सस्पेन्शन बसकं करता येतं का, ते विचारा. रंग कोणता घ्यायचा यावर घरात तीन रात्री चर्चा होते. पाय पुरतो का, हे तीन मिनिटं कुणी बघत नाही.

सणाच्या दिवशी शोरूमबाहेर उभं राहून एक डिलिव्हरी नीट बघा. कोणत्याही गावात बघा.

हँडलला झेंडूचा हार. इतका जाड की मीटर दिसत नाही. हाराचा दोरा क्लच लिव्हरच्या मागे अडकलेला. टाकीवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, ते पुसू नये म्हणून गुडघे फाकवून बसलेला मालक. पुढे नारळ फुटलेला, त्याचं पाणी चकचकीत फरशीवर. त्या पाण्यातच पुढचं चाक. चाकाखाली लिंबू. समोर काका मोबाइल धरून, 'अरे, इकडे बघ की!' तो इकडे बघतो. आणि फरशी संपून रस्त्याला लागायच्या मध्ये एक उतरंड असते.

पूजेला हात लावायचं काम नाही. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं आणि दसऱ्याला गाड्या पुजायची आपली रीत चांगली आहे. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत. पण पूजा झाली की हार काढून घ्यावा, फरशी पुसून घ्यावी, मग किल्ली फिरवावी. यात कोणता देव कोपणार आहे?

त्यात टायर नवे. साच्यातून निघालेलं रबर वरून गुळगुळीत असतं. रस्त्यावर थोडं घासलं जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर आणि ब्रेक मारताना बेतानं, असं टायर बनवणारेच सांगतात. ब्रेकचंही तेच. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला थोडा वापर लागतो. म्हणजे गाडी रस्त्याला सर्वांत कमी धरते तो दिवस आणि चालवणारा गाडीला सर्वांत कमी ओळखतो तो दिवस, दोन्ही एकच.

त्याच दिवशी आपण मागे आईला बसवतो.

पहिली फेरी देवाला. पुण्यात असाल तर सारसबागेचा गणपती. आई एका बाजूला पाय टाकून बसणार, हातात पेढ्यांचा पुडा. चढताना सगळा भार डाव्या फूटरेस्टवर. गाडी डावीकडे कलते. मुलाचा डावा पाय चवड्यावर टेकलेला, उजवा ब्रेकवर. आई अर्धी चढलेली. इथे गाडी गेली तर दोघं जातात, आणि आईच्या कमरेचं दुखणं इंडिकेटरसारखं दोनशे रुपयांत बदलून मिळत नाही.

मागच्या सीटला धरायला कडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, मागच्या चाकाला साडी गार्ड हवा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. सक्तीचं आहे. मागे बसणाऱ्याला कधी चढायचं हे सांगणं मात्र कोणत्याच नियमात नाही, आणि सांगायला एक वाक्य पुरतं: मी दोन्ही पाय टेकून 'बस' म्हणेपर्यंत चढू नकोस.

मग शिकवतं कोण? आरटीओ?

आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायचा. तो काढायला कुणाची तरी हलकी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली गाडी मिळते. पाय न टेकता आठ झाला की परवाना. त्यावर लिहिलेलं असतं, गिअरची मोटारसायकल. बस्. त्या एकाच ओळीवर तुम्ही १०० सीसीची चालवा नाहीतर १,००० सीसीची. कायद्याला दोन्हीत फरक दिसत नाही.

युरोपात दिसतो. तिथे परवान्याच्या पायऱ्या आहेत. खालची पायरी १२५ सीसीपर्यंत, मधली ३५ किलोवॉट ताकदीपर्यंत, मग मोठ्या गाड्या. ब्रिटनमध्ये १९९० पासून शिकाऊ माणसालाही रस्त्यावर यायच्या आधी मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. जपानमध्ये ४०० सीसीच्या वरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो, आणि तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटारसायकलच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत काय करून घेतात? जमिनीवर आडवी पडलेली गाडी उचलून उभी करायला लावतात.

गाडी पडणार आहे, हे त्यांनी आधीच मान्य केलंय. आपण ते पडल्यावरही मान्य करत नाही.

आपल्याकडे चारचाकी शिकायला गल्लोगल्ली क्लास आहेत. दुहेरी पेडलची गाडी, शेजारी शिकवणारा, पंधरा-वीस दिवस. दुचाकी मात्र मामाच्या मुलानं रविवारी मैदानात शिकवायची. त्याला कुणी शिकवली? त्याच्या मित्रानं. त्या मित्राला जे येत नव्हतं ते तसंच खाली झिरपत आलेलं आहे.

त्यातलं सर्वांत घातक काय, तर 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, पडशील.'

हे अर्धंच खरं आहे, म्हणून जास्त वाईट. गाडी थांबवायची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते, कारण ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. सरळ रस्त्यावर तो हळूहळू घट्ट दाबायला शिकलंच पाहिजे. पडायला होतं ते हँडल वळलेलं असताना, पायी चालायच्या वेगात, पुढचा ब्रेक एकदम आवळला की. पार्किंगमध्ये हेच घडतं. शिकवणाऱ्यानं कुठे आणि कधी ते गाळलं आणि ब्रेकचीच भीती घातली. मग तो मुलगा पार्किंगमध्ये घाबरून पुढचा आवळतो आणि हायवेवर घाबरून सोडून देतो.

'पण एबीएस आहे ना!'

आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला तो सक्तीचा आहे आणि चांगली गोष्ट आहे. जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू नये म्हणून तो असतो. पायी चालायच्या वेगात तो काम करत नाही. तिथे तुम्ही, तुमचा डावा पाय आणि १९५ किलो.

शोरूममधला मुलगा काय समजावून सांगतो ते ऐका एकदा. वीस मिनिटं मोबाइल जोडून देतो. ब्लूटूथ, नकाशा, कुणाचा फोन आला ते मीटरवर कसं दिसतं. क्लच कुठे पकडतो? 'चालवताना कळेल, सर.' साइड स्टँड कुठपर्यंत उघडतो? 'कळेल, सर.' हा मुलगा दोषी नाही. त्याला त्या दिवशी तीस गाड्या द्यायच्यात आणि बाहेर लोक मुहूर्त धरून उभे आहेत. दोष त्याला वीस मिनिटं ब्लूटूथसाठी देणाऱ्याचा आहे.

क्लच कुठे पकडतो, हे साधं प्रकरण नाही. प्रत्येक गाडीत ती जागा वेगळी असते. जुन्या गाडीत लिव्हर जवळजवळ पूर्ण सोडल्यावर पकडायचा, नव्यात अर्ध्यावरच पकडतो. डाव्या हाताची दहा वर्षांची सवय एका सकाळी बदलत नाही. भर चौकात वळण घेताना इंजिन बंद पडतं, गाडीला गती राहत नाही, हँडल वळलेलं असतं आणि गाडी आत कोसळते. नव्या गाडीच्या पडण्याचा हा नेहमीचा प्रकार. टाळायला काय लागतं? मोकळं मैदान आणि अर्धा तास.

आणि साइड स्टँड. डबल स्टँड आता कितीतरी गाड्यांना येतच नाही, त्यामुळे सगळा भरवसा त्या एका सळईवर. ती पूर्ण पुढे ढकलली नाही की गाडी टेकते, दोन सेकंद उभी राहते आणि तुम्ही पाठ वळवल्यावर जाते. पावसाळ्यात मातीत रुतते. मे महिन्यात दुपारच्या डांबरात रुतते. उताराकडे तोंड करून लावली की गाडी पुढे सरकून स्टँड मिटतो. उतारावर गिअरमध्ये टाकून ठेवायची आणि तोंड चढाकडे करायचं, मऊ जमिनीवर स्टँडखाली फरशीचा तुकडा घालायचा. एवढंच. हे सांगायला कोणता इंजिनीअर लागतो?

इलेक्ट्रिक स्कूटरची तऱ्हा आणखी वेगळी. आवाजच नाही, त्यामुळे ती चालू आहे हे लक्षात राहत नाही. उभ्या उभ्या पिशवी अडकवायला हात पुढे जातो, मनगट वळतं, गाडी निघते. समोर उभ्या असलेल्या लहान मुलाला मूठ पिळायची भारी हौस असते. उतरलात की आधी गाडी बंद करा, मग बाकीचं.

पंपावरचं पडणं तर ठरल्यासारखं. शोरूमवाले टाकीत जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढंच घालतात, म्हणून गाडीचा पहिला मुक्काम तिथेच. पंपाच्या जमिनीवर डिझेल सांडलेलं, बुटाला पकड नाही. रांग पुढे सरकते म्हणून बसल्या बसल्या गाडी रेटायची. १३ लिटरची टाकी भरली की नऊ-दहा किलो वजन वर चढतं, तेही गाडीच्या वरच्या भागात. मागचा हॉर्न वाजवतोय. घाई केलीत की पाय घसरतो. वाजवू दे त्याला.

आता मित्रांकडे येऊ.

'एक राऊंड मारू दे ना.' हे वाक्य नवी गाडी सोसायटीत शिरायच्या आधी पोचलेलं असतं. नाही म्हणायचं कसं? तोंडानं म्हणायचं. मित्रानं पाडली तर पैसे मागायची चोरी, न मागावेत तर आयुष्यभराची बोच. एका राउंडवरून वीस वर्षांची मैत्री थंड झालेली घरं प्रत्येक गल्लीत आहेत. शिवाय मित्राकडे परवाना नसेल तर कायदा तुमच्याही मागे लागतो. विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाला ५,००० रुपये दंड. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटू दे.

आणि राऊंड मागणारा घरचाच, दहावीतला असेल तर?

इथे मात्र हसून सोडून द्यायचं काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं अल्पवयीनाच्या हातून गुन्हा झाला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते. 'सोसायटीच्या आतच चालवतोय' म्हणणाऱ्या वडिलांना विचारा, आत खेळणारी मुलं कुणाची असतात?

मुलगी असेल तर वेगळाच ताप. मुलानं पाडली की 'शिकतोय'. मुलीनं पाडली की 'तरी म्हटलं होतं'. तीच गाडी, तोच उतार, तोच खड्डा. मग ती मुलगी पुढच्या वेळी घाबरत घाबरत चालवते, आणि घाबरून चालवणारा माणूस जास्त पडतो. तिला पाडायला शेजाऱ्यांनी अशी मदत केलेली असते.

वडील मंडळींचं एक पालुपद ठरलेलं. 'आमच्या बजाजला काही होत नव्हतं.' होत होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली ती स्कूटरही पडायची. एका बाजूला इंजिन असलेली गाडी, पडणारच. पण पत्रा होता, पोचा आला तर ठोकून निघायचा. आता सगळं प्लॅस्टिक. तडा गेला की अख्खा भाग बदला. तेव्हा पडणं स्वस्त होतं, इतकंच.

बरं, पडली. पुढे?

पुढे चार जण धावून येतात आणि गाडी उचलतात. माणसाला लागलंय का, हे पाचवा विचारतो.

हा क्रम उलटा हवा. मनगट, घोटा, गुडघा आधी बघा. पाय सायलेन्सरखाली अडकला असेल तर चटका खोल जातो, त्यावर टूथपेस्ट-हळद काही न लावता गार पाणी सोडा, बराच वेळ, आणि डॉक्टरला दाखवा. लेग गार्ड बसवून घ्या ते टाकी वाचावी म्हणून नव्हे, आडव्या गाडीखाली पायाला जागा राहावी म्हणून. आणि गाडी कलायला लागली, एका हद्दीपलीकडे गेली, तर धरून ठेवू नका. सोडा. १९५ किलो वाचवायला गेलेली पाठ पुढे कित्येक महिने वसुली करते.

उचलायचीही पद्धत आहे. आधी किल्ली बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. गिअरमध्ये टाका, म्हणजे चाक घरंगळणार नाही. कंबर सीटला लावून पाठमोरे उभे राहा, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या कडीला, आणि मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उभी करा. वाकून, हात लांब करून उचलू नका. पेट्रोल सांडलं असेल तर सिगारेटवाल्या मदतनिसाला लांब पाठवा.

मग स्टार्टर दाबला, गाडी सुरू होत नाही. पोटात गोळा! मेली बहुतेक. मेली नाही. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या कितीतरी गाड्यांत, गाडी आडवी झाल्याचं ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. किल्ली पूर्ण बंद करायची, थोडं थांबायचं, पुन्हा लावायची. हेही माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. माहितीपुस्तक सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सीलबंद.

यानंतर सुरू होते लपवालपवी. आणि खरा धोका इथून पुढे आहे.

घरी सांगायचं नाही. चऱ्यावर स्टिकर. वाकलेला ब्रेक लिव्हर पक्कडीनं किंवा हातानंच सरळ करायचा, म्हणजे वडिलांना दिसणार नाही. हा लिव्हर ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. वाकून पुन्हा सरळ केला की आत बारीक तडा राहतो. दिसत नाही. दोन महिन्यांनी कात्रज किंवा खंबाटकी घाट उतरताना समोर ट्रक थांबतो, हा जीव खाऊन ब्रेक दाबतो, आणि लिव्हर हातात येतो. काहीशे रुपयांचा भाग न बदलल्याची ही किंमत.

हँडल जरा तिरकं झालेलं, पुढचे फोर्क पिळवटलेले, गाडी एका बाजूला ओढते. 'सवय होईल.' सवय कसली करून घेता? सर्व्हिस सेंटरला जा, गाडी पडली होती असं स्पष्ट सांगा, हँडल, फोर्क, लिव्हर, फूटरेस्ट, साइड स्टँडचा स्विच तपासून घ्या. मेकॅनिकनं अशा शेकडो बघितल्यात. लाज वाटायचं काम नाही.

आणि आई-बापांनो, पोरगा पडून आल्यावर पहिलं वाक्य जर 'किती खर्च आला?' असेल, तर तो पुढच्या वेळी सांगणार नाही. लिव्हर सरळ करेल.

विम्याचं जरा. पहिल्याच आठवड्यात क्लेम करायला धावायच्या आधी आकडेमोड करा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. पण तो तिऱ्हाइतासाठी. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा असतो, तो पाच वर्षांचाच असेल असं धरून चालू नका. घसारा न कापणारं झीरो डेप घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिक-रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. पहिल्या वर्षी क्लेम न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट असते, तीही जाते. इंडिकेटर आणि आरशासाठी क्लेम करणं बहुतेक वेळा तोट्याचं. आणि चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का ते बघा. तो बघायला कुणी सांगत नाही. टेफ्लॉन कोटिंग घ्या म्हणून मात्र तिघं सांगतात.

शेवटची गोष्ट डोक्याची.

दुचाकी विकताना आयएसआय हेल्मेट द्यायचं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८ मध्ये आहे. ते मिळतं. घरी येतं. माळ्यावर जातं. 'इथल्या इथे तर जायचंय.' इथल्या इथेच तर गाड्या पडतात! उभ्या गाडीवरून पडलेलं डोकं फुटपाथच्या कठड्यावर आपटायला वेग लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटसक्ती झाली तेव्हा लोक मोर्चे घेऊन उतरले. केसांची, मानेची, घामाची कारणं दिली. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. मागच्या सीटवरच्या डोक्याला घाम येत नाही का, की ते डोकंच नाही?

एका शोरूमला फार काही करावं लागणार नाही. मागची मोकळी जागा, चार शंकू, एक शिकलेला माणूस. किल्ली द्यायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धा तास: क्लच, कमी वेगात वळण, हँडल सरळ ठेवून ब्रेक, साइड स्टँड, मागे माणूस घेऊन निघणं, आणि आडवी गाडी उभी करणं. सणाच्या दिवशी गर्दी असते तर आदल्या आठवड्यात बोलवा. आरटीओनं हे कागदपत्रांत एका रकान्यानं सक्तीचं केलं तर चिकटपट्टीचा खप उतरेल. तोवर गिऱ्हाइकानंच मागायला हवं. ॲक्सेसरीजवर हजार रुपये सोडवून घ्यायला आपण तासभर भांडतो.

तेव्हा बुकिंगचे पैसे भरायच्या आधी काउंटरवर एकच प्रश्न विचारा: 'चालवायला मोकळी जागा आणि अर्धा तास देणार का?' नाही म्हणाले, तर पावती फाडू नका. दुसरं शोरूम बघा.